डिंडोलीचा नगरसेवक पुन्हा निवडून येतो तो कुणामुळे?

सुरतच्या आग्नेय टोकाला, उधना जंक्शनच्या पलीकडे वसलेली डिंडोली एके काळी शेतीवाडीचे गाव होती. सुरत महानगरपालिकेची हद्द २००६ मध्ये सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढली. गावाच्या शिवारात रांगेने रो-हाऊसच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे स्थिरावली. भुसावळकडून येणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे खानदेशला थेट उधन्याशी जोडते. त्या मार्गाने यंत्रमागावर, पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाई गिरण्यांत आणि कापड बाजारात काम शोधायला आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी आज येथे मतदार आहे. त्यांच्या शेजारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा व राजस्थानातून आलेली कुटुंबेही आहेत. श्रावणात कानबाई बसते, कार्तिकात छठपूजा होते, आणि दोन्हीकडे स्थानिक नगरसेवक हजेरी लावतो.

हा नगरसेवक पाच वर्षांनी पुन्हा मत मागायला दारी येतो, तेव्हा त्याच्या कामाचा हिशेब खरोखर कोण करतो? लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात याचे उत्तर सोपे आहे. मतदार काम पाहतो, पटले तर पुन्हा निवडतो, न पटले तर घरी बसवतो. पुन्हा निवडून येण्याची आशा हाच प्रतिनिधीच्या वर्तनावरचा लगाम, असा त्यामागचा विचार आहे. डिंडोलीसारख्या प्रभागात मात्र मतदाराच्या बोटापर्यंत पोहोचण्यापूर्वी उमेदवाराला तीन-चार उंबरठे ओलांडावे लागतात, आणि त्यांतला एकही रहिवाशांच्या हाती नाही. महानगरपालिकेचे सभागृह २०२१ मध्ये निवडले गेले. राज्यघटनेने ठरवलेली त्याची पाच वर्षांची मुदत २०२६ मध्ये पुरी होते. त्या निमित्ताने हे उंबरठे एकेक करून तपासण्याजोगे आहेत.

पहिला उंबरठा प्रभागाच्या सीमेचा. सुरतमध्ये २०१० ची निवडणूक ३८ प्रभागांत आणि ११४ जागांसाठी झाली, म्हणजे दर प्रभागात तीन नगरसेवक होते. २०१५ मध्ये प्रभाग २९ झाले, दर प्रभागात चार नगरसेवक आले आणि जागा ११६ झाल्या. २०२१ मध्ये पुन्हा फेररचना होऊन ३० प्रभाग व १२० जागा ठरल्या. त्या रचनेत डिंडोलीची वस्ती दोन प्रभागांत वाटली गेली. उत्तरेचा भाग गोडादऱ्याला जोडला गेला आणि दक्षिण डिंडोलीचा स्वतंत्र प्रभाग झाला. शहर वाढते तशा सीमा बदलणे अपरिहार्यच असते. त्याचा परिणाम मात्र असा, की ज्या गल्लीत नगरसेवकाने पाच वर्षे गटारांचा पाठपुरावा केला ती गल्ली पुढच्या निवडणुकीत त्याच्या प्रभागात राहीलच, याची शाश्वती नसते. ज्यांनी काम पाहिले ते मतदार एका प्रभागात आणि उमेदवार दुसऱ्याच प्रभागात, असे घडू शकते.

दुसरा उंबरठा आरक्षणाचा. गुजरातेत स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. चार सदस्यांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असल्याने केवळ महिला आरक्षणामुळे कुणा पुरुष नगरसेवकाला प्रभागच गमवावा लागतो असे सहसा होत नाही. बहुसदस्यीय पद्धतीचा हा एक गुण मान्य करायला हवा. बदल होतो तो सामाजिक प्रवर्गांच्या फिरत्या जागांमुळे. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण पूर्वी १० टक्के होते. झवेरी आयोगाच्या अहवालानंतर २०२३ मध्ये गुजरात सरकारने ते २७ टक्क्यांवर नेले. १२० जागांच्या सभागृहाला हे प्रमाण लावले तर १२ च्या जागी सुमारे ३२ जागा या प्रवर्गाच्या होतात, म्हणजे सर्वसाधारण जागांतून २० च्या आसपास जागा कमी होतात. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य ठरतो. पण सर्वसाधारण जागेवरून निवडून आलेल्या ज्या नगरसेवकाची जागा त्यात जाते, त्याच्या पाच वर्षांच्या कामाची परीक्षा मतपेटीपर्यंत पोहोचतच नाही.

स्थलांतरितांच्या वस्तीत याला आणखी एक पदर आहे. एका राज्यातील अनुसूचित जाती वा जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने आपोआप सोबत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे खानदेशातून आलेल्या आदिवासी वा दलित कुटुंबातील कार्यकर्ता डिंडोलीत वीस वर्षे राबला, तरी राखीव जागेवर उभे राहण्याचा त्याचा हक्क मूळ राज्याच्या दाखल्यावर टिकत नाही. याखेरीज दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना अपात्र ठरवणारी तरतूद गुजरातने २००५ मध्ये केली. उमेदवारीचे क्षेत्र असे अनेक बाजूंनी आक्रसत जाते.

तिसरा उंबरठा सर्वांत उंच आहे. तो पक्षाच्या तिकिटाचा. २०२१ च्या निवडणुकांपूर्वी भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष सी. आर. पाटील यांनी तीन निकष जाहीर केले. साठी ओलांडलेल्यांना, तीन वेळा नगरसेवक राहिलेल्यांना आणि नेत्यांच्या नातेवाइकांना उमेदवारी मिळणार नाही. अहमदाबादमध्ये पंतप्रधानांच्या पुतणीलाही याच निकषावर तिकीट नाकारले गेले, तेव्हा नियम सर्वांना सारखा असल्याचा संदेश राज्यभर गेला. पाटील स्वतः मूळचे जळगाव जिल्ह्यातले. ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघाचे ते खासदार आहेत, त्यात लिंबायत, उधना, मजुरा व चोर्यासी हे सुरत परिसरातील विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे हा निकष ज्यांनी आखला त्यांचीच ही कर्मभूमी.

या धोरणाचा राजकीय हिशेब चोख आहे. स्थानिक कारभारावरचा रोष बहुधा व्यक्तीवर साचतो. ती व्यक्तीच बदलली की रोषाला लक्ष्य उरत नाही आणि पक्ष नव्या चेहऱ्याने लोकांपुढे जातो. दिल्लीत २०१७ मध्ये भाजपने एकाही विद्यमान नगरसेवकाला पुन्हा उमेदवारी दिली नाही आणि तिन्ही महापालिका राखल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मंत्रिमंडळातही हाच प्रयोग झाला. विजय रूपाणी यांच्या राजीनाम्यानंतर भूपेंद्र पटेल यांच्या मंत्रिमंडळात सर्व चेहरे नवे होते. पक्षाच्या दृष्टीने हा यशस्वी उपाय आहे. नागरिकाच्या दृष्टीने मात्र एक अडचण उरते. रस्ता का झाला नाही, हे विचारायला जावे तर उत्तर देणारा माणूस रिंगणात नसतो, आणि जो रिंगणात असतो तो म्हणतो की आपण नवे आहोत.

चौथा उंबरठा मतदान पद्धतीचा. एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे आणि मतदाराला चार मते, अशी ही पद्धत आहे. सुरतमध्ये २०२१ ला मतदारांची संख्या तीस लाखांहून अधिक होती, म्हणजे दर प्रभागात सरासरी लाखाहून जास्त मतदार. एवढ्या मोठ्या प्रभागात चार उमेदवारांना वेगवेगळे तोलणे कठीण जाते, म्हणून मत बहुधा चिन्हाला आणि पॅनेलला दिले जाते. मेहनती नगरसेवक पॅनेलसोबत बुडतो, तर निष्क्रिय नगरसेवक पॅनेलसोबत तरतो. चौघांपैकी पाण्याचा पाठपुरावा कुणी केला आणि श्रेय कुणी घेतले, हे रहिवाशाला उमगणे अवघड. जबाबदारी चौघांत वाटली गेली की ती एकाचीही राहत नाही.

२०२१ च्या निकालाने हेच दाखवले. भाजपला ९३ जागा मिळाल्या आणि प्रथमच मोठ्या ताकदीने लढलेल्या आम आदमी पक्षाला २७. २०१५ मध्ये ३६ जागा जिंकणाऱ्या काँग्रेसला एकही जागा राखता आली नाही. ‘आप’च्या जागा मुख्यतः वराछा, कापोद्रा, पुणा या पाटीदारबहुल पट्ट्यात आल्या. डिंडोली, गोडादरा, उधना हा स्थलांतरितांचा पट्टा भाजपच्या मागे राहिला. काँग्रेसच्या सर्वच नगरसेवकांनी एकाच वेळी वाईट काम केले असेल असे कुणी म्हणणार नाही. पाटीदार आरक्षण आंदोलन समितीशी बिनसलेले संबंध आणि पक्षाची एकूण पडझड यांत व्यक्तीचे काम वाहून गेले. पुढे ‘आप’च्या नगरसेवकांपैकी अनेक जण २०२२ व २०२३ मध्ये गटागटाने भाजपमध्ये दाखल झाले. स्थानिक संस्थांसाठी पक्षांतरबंदीचा कायदा गुजरातमध्ये १९८६ पासून आहे, तरीही हे घडले. ज्या मतदाराने चिन्ह पाहून मत दिले होते, त्याच्या मताचे चिन्हच मुदतीच्या मध्यावर बदलले.

असे असूनही डिंडोलीतला नगरसेवक लोकसंपर्कात कमी पडतो असे म्हणता येणार नाही. उलट हा संपर्क येथे अतिशय बांधेसूद आहे. मतदार यादीच्या प्रत्येक पानासाठी एक प्रमुख आणि त्या पानावरील कुटुंबांतूनच निवडलेल्यांची समिती, ही गुजरात भाजपची ‘पेज समिती’ची रचना सर्वश्रुत आहे. एका पानावर सुमारे तीस मतदार असतात. एवढ्या थोड्या लोकांची खबर ठेवणारा शेजारी पक्षाजवळ असतो. कुणाचा आधार दुरुस्त व्हायचा आहे, कुणाला रुग्णालयात खाट हवी आहे, कुणाच्या घरी मृत्यू झाला आहे, हे पक्षाला प्रशासनाच्या आधी कळते. संघटन म्हणून ही कामगिरी नाकारता येत नाही, आणि सामान्य कुटुंबाला तिचा लाभही होतो. पण हा संपर्क वरून खाली वाहणारा आहे. त्यातून मदत पोहोचते, प्रश्नाचे उत्तर पोहोचतेच असे नाही. प्रभागात या वर्षी किती निधी आला व कुठे खर्च झाला, हे पानप्रमुखाला विचारून कळत नाही.

दुसरा दुवा सोसायटीचा. खासगी सोसायट्यांतील रस्ते, गटार व जलवाहिन्यांसाठी गुजरातेत जनभागीदारीची योजना आहे. खर्चाचा मोठा भाग राज्य सरकार देते आणि काही वाटा रहिवासी उचलतात. स्वतःचे पैसे घातल्याने रहिवासी कामाच्या दर्जावर लक्ष ठेवतात. सोसायटीचा अध्यक्ष नगरसेवकाकडे हक्काने जातो आणि नगरसेवकालाही ही मतांची बांधलेली मोट सोयीची वाटते. या व्यवहारात ज्याला सोसायटी नाही तो मात्र सुटतो. खोली भाड्याने घेऊन राहणारा यंत्रमाग कामगार, दर अकरा महिन्यांनी घर बदलणारे कुटुंब, ज्याचे नाव अजून शिरपूर वा शहाद्याच्या मतदार यादीत आहे तो तरुण, यांच्यासाठी नगरसेवकाच्या दारी जाण्याचे कारण आणि बळ दोन्ही कमी. पाणी, गटार आणि दवाखान्यांवरचा त्यांचा भार मात्र मोजलाच जातो. स्थलांतरितांच्या शहरात मतदार आणि रहिवासी हे एकच नसतात, आणि पुन्हा निवडून येऊ पाहणारा नगरसेवक स्वाभाविकच आधी मतदाराकडे पाहतो.

नगरसेवकाच्या हाती मुळात किती आहे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. सुरतचा कारभार १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यावर चालतो. हा कायदा मुंबई प्रांताचा. द्विभाषिक राज्याच्या विभाजनानंतर तो दोन्ही राज्यांत चालू राहिला. त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, खर्चाच्या मंजुरीची सूत्रे बारा सदस्यांच्या स्थायी समितीकडे आहेत, आणि महापौराचे पद अडीच वर्षांचे व बव्हंशी शोभेचे आहे. १९९४ च्या प्लेगच्या साथीनंतर तत्कालीन आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची झोननिहाय प्रशासकीय घडी बसवली. सुरत स्वच्छ झाले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसोबत ते देशात संयुक्त पहिलेही आले. या यशाचे श्रेय सुरतकर आजही आयुक्तांना देतात, सभागृहाला नव्हे. जून २०२५ मध्ये मुसळधार पावसाने खाड्या भरून लिंबायत, पर्वत, गोडादरा परिसरात पाणी शिरले, तेव्हा लोकांचा संताप मात्र नगरसेवकांवर निघाला. खाडीचे रुंदीकरण, अतिक्रमण हटवणे आणि वरच्या अंगाच्या पाण्याचे नियोजन हे एका प्रभागाच्या आवाक्यातले काम नाही. श्रेय आयुक्ताला आणि दोष नगरसेवकाला, अशी ही वाटणी आहे. म्हणून व्यवहारी नगरसेवक धोरणात डोके घालण्याऐवजी दाखले, शिफारसपत्रे, बाकडी आणि उत्सवांची देणगी यांत वेळ घालवतो. तेवढेच त्याच्या नावावर जमा होते.

मराठी शाळांचा विषय या दृष्टीने बोलका आहे. सुरतची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू यांबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. देशातल्या फार थोड्या महापालिकांत इतक्या भाषांची सोय आहे. २०११ च्या जनगणनेत गुजरातेत मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे नऊ लाख होते. ज्यांनी अहिराणी नोंदवली त्यांची गणना खानदेशी या स्वतंत्र शीर्षाखाली होते, म्हणून खानदेशी समाजाचे खरे बळ या आकड्याहून मोठे आहे. राजकारणात ते दिसतेही. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून निवडून येत आहेत आणि २०२३ मध्ये उपमहापौरपद डॉ. नरेंद्र पाटील यांच्याकडे आले. पण मराठी नावाचा नगरसेवक असणे आणि मराठी शाळेतील शिक्षकांच्या रिक्त जागांचा प्रश्न सभागृहात मांडला जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला व शिवजयंतीला येणारा नगरसेवक पुष्कळांना हवाहवासा वाटतो. पटसंख्येचा तक्ता घेऊन शिक्षण समितीत भांडणारा नगरसेवक हवा, असा आग्रह त्या मानाने क्वचितच धरला जातो.

या सगळ्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. वर्षानुवर्षे एकच नगरसेवक राहिला की ठेकेदार, अधिकारी आणि तो यांची साखळी पक्की होते. तीन मुदतींची मर्यादा ती तोडते. फिरत्या आरक्षणाने जे लोक कधीच उभे राहिले नसते ते उभे राहिले. अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ व २००२ च्या निवडणुका तपासून २००९ मध्ये दाखवून दिले, की एकदा महिलांसाठी राखीव राहिलेला प्रभाग पुढे खुला झाला, तरी तेथे महिला निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट असते. म्हणजे संधी मिळाली तर प्रतिनिधी घडतो. तेव्हा दोष आरक्षणात किंवा नव्या चेहऱ्यांत नाही. माणूस बदलला तरी कामाची नोंद पुढे चालू राहिली पाहिजे, आणि तशी नोंद आज कुठेच ठेवली जात नाही.

गोव्याच्या वाचकाला हे चित्र दूरचे वाटण्याची शक्यता आहे. पणजी महानगरपालिकेचे ३० प्रभाग आहेत आणि दर प्रभागात सरासरी हजारभर मतदार. नगरसेवक प्रत्येक घर नावानिशी ओळखतो. निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही आणि एका प्रभागाचा एकच नगरसेवक असतो. तरीही पुनर्निवडीचे उंबरठे येथेही आहेतच. २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांच्या प्रभाग आरक्षणाची अधिसूचना उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण महिलांना कायद्याने देय असलेल्या एक तृतीयांश जागाही पुरत्या राखल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सरकारी सेवेतील अधिकाऱ्याकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यावरही न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. कुठला प्रभाग राखीव होणार हे ज्याला आधी कळते त्याची पुनर्निवड सोपी होते, हे सत्य डिंडोलीत जितके खरे तितकेच म्हापशात.

गोव्यात आणखी एक उणीव आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असल्या पाहिजेत असे घटनेच्या २४३-एस या कलमात म्हटले आहे. सुरतला ते लागू आहे. गोव्यातील एकही शहर तीन लाखांच्या जवळपास नसल्याने येथे ते बंधन नाही. खेड्यातला गोमंतकीय ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला जाब विचारतो, बांधकाम परवान्यांवरून सभा गाजवतो. तोच माणूस मडगावात वा फोंड्यात राहायला गेला की त्याला जाब विचारायला सभाच उरत नाही. सुरतमध्ये कलम आहे, पण प्रभाग एवढे मोठे की संवाद हरवतो. गोव्यात प्रभाग संवादाला अगदी योग्य आहेत, पण कलम लागू नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक नगरसेवकाची सभागृहातील उपस्थिती, विचारलेले प्रश्न, सुचवलेली कामे आणि झालेला खर्च प्रभागवार दर सहा महिन्यांनी पालिकेने स्वतः प्रसिद्ध करावा. प्रभागाच्या सीमा बदलल्या तरी ही नोंद गल्ली व सोसायटीनिहाय ठेवावी, म्हणजे ती मतदारासोबत राहील. वर्षातून दोनदा प्रभागसभा घ्यावी. तिला झोनचा अधिकारी हजर असावा आणि त्यात भाडेकरूलाही बोलण्याचा हक्क असावा, नाव कुठल्याही गावच्या यादीत असले तरी. फेररचना व आरक्षणाचे कोष्टक निवडणुकीच्या किमान काही महिने आधी जाहीर व्हावे. पक्षांनीही उमेदवार बदलताना मागील चौघांनी काय केले आणि काय राहिले याचा लेखी हिशेब मतदारांपुढे ठेवावा. व्यक्ती रिंगणातून गेली तरी पक्ष रिंगणातच असतो, आणि उत्तरदायित्व त्याच्याकडून मागता येते.

डिंडोलीच्या मतदाराने २०२१ मध्ये चार मते दिली. सुरत महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक आता नऊ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. त्यातला आपल्या गल्लीचा वाटा किती, एवढा एक प्रश्न त्याने दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावा, मग तो जुना असो वा नवा. उत्तर ज्याच्याजवळ तयार असेल, त्याने पाच वर्षांत निदान वही तरी उघडली असेल.